कचरा नेमका कुठं आहे?

जुनी मोटार रस्त्यात बंद पडली की भोवती चार माणसं जमतात, आणि त्यातला एक तरी जाणता छातीठोकपणे सांगतो, ‘‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय.’’ निदान तिथंच संपतं आणि स्क्रू ड्रायव्हर हातात येतो. न्यायालयात ज्याला वकील मिळत नाही त्याच्यावर आरोप ठेवणं सोपं असतं, तशी या बिचाऱ्या कार्ब्युरेटरची गत आहे. तो बोनेटखाली सगळ्यात वर बसलेला असतो, चटकन दिसतो, त्याला फिरवायला स्क्रू असतात. म्हणून जो येतो तो त्यालाच फिरवतो.

आज मी त्याची बाजू मांडणार आहे. मी मेकॅनिक नाही. शिक्षणानं बी. ए. आणि छंदानं कवी असलेला माणूस आहे. पण १९७८ सालची एक प्रीमियर पद्मिनी गेली सदतीस-अडतीस वर्षं आमच्या घरात आहे. अब्बांनी ती जुनी म्हणूनच विकत घेतली होती. ती चालती ठेवता ठेवता जे शिकलो, ते ज्यांच्या दारात अशी एखादी गाडी उभी आहे त्यांच्या उपयोगी पडेल असं वाटतं.

या गाडीचा आणि महाराष्ट्राचा संबंध जुना. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली उभी केली ती वालचंद हिराचंदांनी. ते आमच्या सोलापूरचे. कंपनीच्या मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून इटलीच्या फियाटच्या परवान्यानं ‘फियाट ११०० डिलाइट’ निघू लागली, आणि तीच पुढं १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या देशाला माहीत झाली. २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. टॅक्स्या गेल्या, त्याबरोबर त्यांचे मिस्त्रीही पांगले. नुसत्या आवाजावरून दोष सांगणारे कान आता थोडे उरले आहेत. आजचा तरुण मेकॅनिक हुशार आहे, पण तो गाडीला संगणक जोडून दोष वाचतो. पद्मिनीला संगणक जोडायला जागाच नाही. तेव्हा मालकानं स्वतः थोडं शिकून घेणं, किंवा गाडी भंगारात घालणं, असे दोनच मार्ग अनेकांपुढं उरतात. म्हणून हा खटाटोप.

आधी हे यंत्र करतं काय, ते पाहू. इंजिनात पेट्रोल जळतं असं आपण म्हणतो, पण नुसतं पेट्रोल जळत नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण चौदा किलो सातशे ग्रॅम हवा लागते. लिटरमध्ये सांगायचं तर एक लिटर पेट्रोलला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा. ही मात्रा सांभाळणं, एवढंच कार्ब्युरेटरचं काम. वैद्याच्या औषधाला मात्रा असते, कवितेच्या ओळीला असते, तशी इंजिनाच्या श्वासालाही असते. पेट्रोल प्रमाणापेक्षा कमी पडलं तर मिश्रण पातळ झालं म्हणतात, जास्त झालं तर दाट.

ही मात्रा साधते कशी? अरुंद बोळात शिरलेला वारा जोरानं वाहतो, आणि जिथं वेग वाढतो तिथं दाब कमी होतो. व्हेंचुरी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञानं दोनशे वर्षांपूर्वी याचा अभ्यास केला, म्हणून कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्याला आजही त्याचंच नाव आहे. इंजिन हवा ओढतं, ती या गळ्यातून वेगानं जाते, तिथला दाब उतरतो आणि शेजारच्या वाटीतलं पेट्रोल बारीक छिद्रातून फवाऱ्यासारखं बाहेर पडतं. त्या छिद्राच्या पितळी तुकड्याला जेट म्हणतात. वाटीतल्या पेट्रोलची पातळी कायम राखायला फ्लोट असतो. आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉल-व्हॉल्व्ह असतो ना, अगदी तसाच. पातळी चढली की फ्लोट वर येतो, त्याची नीडल तोंड बंद करते. उतरली की उघडते. फ्लोट आणि फवारा एकत्र असलेला असा कार्ब्युरेटर जर्मनीत विल्हेल्म मायबाखनं १८९३ साली बनवला. त्यानंतर सुधारणा पुष्कळ झाल्या, मूळ युक्ती तीच राहिली.

मेन जेट गाडी पळताना काम करतो. गाडी उभी राहून इंजिन नुसतं चालू असताना गळ्यातली ओढ पुरत नाही, म्हणून त्या वेळेसाठी वेगळा छोटा स्लो जेट असतो. एक्सलरेटर एकदम दाबला की क्षणभर हवा पुढं धावते, पेट्रोल मागं राहतं; ती उणीव भरायला एक छोटा पंप पिचकारी मारतो. आणि थंड इंजिनाला सुरुवातीला दाट मिश्रण लागतं, त्यासाठी चोक. हे चार विभाग लक्षात ठेवले की निम्मं निदान घरबसल्या होतं, कारण प्रत्येकाचा आजार वेगळ्या वेळी दिसतो.

आता तपासाचा क्रम. पहिला नियम असा, की कार्ब्युरेटरला सगळ्यात शेवटी हात लावायचा. आधी ठिणगी, मग पेट्रोलचा पुरवठा, मग हवेची गळती, आणि त्यानंतर कार्ब्युरेटर.

याचं कारण एका अनुभवातून सांगतो. २०१९ साली आमची गाडी वाटेत बंद पडू लागली. एका गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर दोनदा उघडला गेला, धुतला गेला, आणि शेवटी सांगण्यात आलं, की हा संपला, नवा मिळत नाही, गाडी काढून टाका. घरातही तेच मत पडू लागलं. मोहल्ल्यात एक वृद्ध मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. हात थरथरू लागल्यामुळं त्यांनी काम सोडलं होतं. ते आले, स्टुलावर बसले आणि बोनेट न उघडता त्यांनी तीन प्रश्न विचारले. थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर? आचके देत बंद पडते की एकदम? आणि थांबल्यावर किती वेळानं सुरू होते? मी सांगितलं : गरम झाल्यावर, एकदम, आणि पंधरा-वीस मिनिटांनी. चाचा म्हणाले, ‘‘ये पेट्रोल का मर्ज नै.’’ पेट्रोल कमी पडलं तर गाडी आचके देते, धापा टाकते, मग थांबते. वीज तुटली तर दिवा विझावा तशी थांबते. डिस्ट्रिब्युटरचा कंडेन्सर बदलला, आणि गाडी सुरळीत चालू लागली. बोटाच्या पेराएवढा, किरकोळ किमतीचा तुकडा. त्यापायी अब्बांची गाडी भंगारात चालली होती.

तेव्हा पहिली पायरी ठिणगीची. पेट्रोलची कोणतीही नळी उघडण्याआधीच ही तपासणी उरकून घ्या. प्लग काढून त्यांचा रंग पाहा. बिस्किटासारखा भुरकट रंग असेल तर मिश्रण ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे दाट. पांढरट, भाजल्यासारखा म्हणजे पातळ. चारांतला एकच प्लग वेगळा दिसत असेल तर दोष बहुधा त्या सिलिंडरच्या वायरचा, प्लगचा किंवा व्हॉल्व्हचा आहे. कारण कार्ब्युरेटर एकच आहे, तो चौघांना सारखंच वाढतो. पॉइंट जळलेत का, त्यांच्यातलं अंतर बरोबर आहे का, वायरी तडकल्यात का, हे बघून घ्या.

दुसरी पायरी पुरवठ्याची. टाकीपासून पंपापर्यंतची नळी, मधला फिल्टर, पंप आणि पंपापासून वरची नळी. इथं एक साधी खूण आहे. गाडी आठ-दहा किलोमीटर छान धावते, मग आचके देत थांबते आणि थोड्या वेळानं पुन्हा चालते, असं होत असेल तर आधी टाकीचं झाकण उघडून पाहा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं असू शकतं. पेट्रोल बाहेर जातं, त्याच्या जागी हवा आत येत नाही, मग पंप ओढणार तरी काय? छिद्र साफ केलं की काम झालं. एप्रिल-मे महिन्यांत घाट चढताना गाडी थांबत असेल, तर उष्णतेनं नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ अडकत असेल. जुने चालक पंपावर ओलं फडकं ठेवत, ते उगीच नाही. पण कायमचा उपाय म्हणजे नळी गरम भागापासून दूर नेणं आणि रेडिएटर साफ ठेवणं.

तिसरी पायरी हवेच्या गळतीची. कार्ब्युरेटरच्या बुडाशी पॅकिंग असतं. ते फाटलं किंवा नट सैल झाले, की वाटेतूनच हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं. इंजिन चालू ठेवून पॅकिंगच्या कडेला साध्या पाण्याची बारीक फवारणी करा. आवाज क्षणभर बदलला, तर गळती तिथंच आहे. या कामासाठी पेट्रोल किंवा कुठलाही पेट घेणारा स्प्रे मारू नका. डिस्ट्रिब्युटरवर आणि तापलेल्या सायलेन्सरच्या नळकांड्यावरही पाणी जाऊ देऊ नका.

हे तिन्ही निर्दोष निघाले, तरच कार्ब्युरेटरकडं वळायचं. आता लक्षणं जुळवून बघू.

गाडी सुरू होते, पण एक्सलरेटरवरून पाय काढला की बंद पडते. वेगात मात्र ठीक चालते. मग स्लो जेट बुजलाय.

चोक थोडा ओढला की गाडी बरी चालते. म्हणजे तिला पेट्रोल कमी मिळतंय : जेटमध्ये कचरा, वाटीतली पातळी कमी किंवा कुठंतरी गळती.

काळा धूर, पेट्रोलचा वास आणि घसरलेलं अ‍ॅव्हरेज. मिश्रण दाट आहे. आधी एअर फिल्टर पाहा, मग चोकची तार पूर्ण मागं जाते का ते पाहा. तार अर्ध्यावर अडकल्यामुळं महिनोन् महिने जास्तीचं पेट्रोल पिणाऱ्या गाड्या असतात. त्यानंतर फ्लोट आणि नीडल.

एक्सलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर खोकते, मग उचल घेते. पिचकारीच्या पंपाचा पडदा गेलाय. इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टर काढून, बाजूनं बघत हातानं एक्सलरेटरची कळ हलवा. गळ्यात पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे.

कार्ब्युरेटरमधून बाहेरच पेट्रोल ओघळतंय. नीडलखाली कचरा अडकलाय किंवा फ्लोटला भोक पडून तो बुडालाय. गाडी लगेच बंद करा. हे लक्षण उद्यावर ढकलायचं नाही.

उघडण्यापूर्वी दोन शब्द आगीविषयी. उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते, मग आपल्याकडच्या उन्हाळ्याचं काय सांगावं! ही वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते. म्हणून काम उघड्यावर करायचं. बॅटरीची अर्थची तार आधी सोडायची. विडी-सिगारेट, उदबत्ती, शेगडी जवळ नको. कोरड्या वाळूची बादली आणि जमलं तर छोटं अग्निशामक नळकांडं हाताशी हवं. रस्त्यावर काही जण बाटलीतून कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओततात आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगतात. इंजिन उलटं खोकलं की ज्वाळा थेट तोंडावर येते. भुवया जळालेले आणि हात भाजलेले लोक मी पाहिलेत. तसंच, तोंडानं नळी ओढून पेट्रोल काढू नका. ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

आता साफसफाई. एक पांढरं स्वच्छ फडकं अंथरा आणि काढलेला प्रत्येक भाग काढल्या क्रमानं मांडा. उलट्या क्रमानं बसवायचं आहे, हे मांडणीच सांगते. मोबाइलवर फोटो काढून ठेवलेत तर आणखी बरं. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हातानं पूर्ण आत बसवा आणि किती वेढे बसले ते वहीत लिहा. जोरानं आवळू नका, त्याचं टोक चेपलं तर ते पुन्हा सरळ होत नाही. जेट काढताना बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर वापरा. पितळ मऊ असतं. जेटमध्ये तार किंवा टाचणी घालण्याचा मोह टाळा. ते भोक शतांश मिलिमीटरच्या हिशेबानं पाडलेलं असतं. तारेनं ते वाढलं की मात्रा कायमची बिघडते. कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवा आणि हवा मारा. पंक्चरवाल्याकडं जेट नेऊन हवा मारून घेतली तरी चालतं. रबरी भाग आणि पडदे मात्र क्लीनरमध्ये टाकू नका. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर भोक आहे. गरम पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे कुठून येतात त्यावरून जागा कळते. असा फ्लोट घरी डाग देऊन दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये, आतल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो. बदलून टाका. वाटीच्या तळाशी तांबूस गाळ सापडला, तर तो टाकीतला गंज आहे. टाकी धुतल्याशिवाय आणि फिल्टर बदलल्याशिवाय कार्ब्युरेटर धुणं म्हणजे छप्पर गळत असताना फरशी पुसणं.

जोडून झाल्यावर ट्यूनिंग. स्क्रू वहीतल्या वेढ्यांवर आणा. एअर फिल्टर बसवा, गाडी चांगली गरम करा, चोक पूर्ण आत ढकला. मग मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव वेढ्यानं फिरवा आणि प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद थांबून ऐका. पद्मिनीवरच्या सोलेक्स जातीच्या कार्ब्युरेटरमध्ये हा स्क्रू आत नेला की मिश्रण पातळ होतं, बाहेर काढला की दाट. इंजिन जिथं सर्वात गुळगुळीत आणि जलद चालतं तिथं थांबा, आणि वेगाच्या स्क्रूनं वेग खाली आणा. हे दोन-तीनदा करावं लागतं. स्क्रू पूर्ण आत नेऊनही इंजिनात काही फरक पडत नसेल, तर पेट्रोल दुसऱ्याच वाटेनं येतंय असं समजा आणि तपास पुन्हा पहिल्यापासून करा. नंतर पीयूसीच्या केंद्रावर जाऊन या. त्या पावतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा म्हणजे तुमच्या मिश्रणाचा रक्त तपासणी अहवाल. तो जास्त आला तर मिश्रण दाट आहे.

गाव बदललं की मात्राही थोडी हलते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच. तिथली हवा मुंबईच्या मानानं साधारण एक अष्टमांशानं विरळ. मुंबईत बेतलेलं मिश्रण वर गेल्यावर दाट होतं आणि गाडी मरगळते. दोन दिवसांच्या सहलीसाठी स्क्रू फिरवू नका. खाली उतरली की ती आपोआप ताळ्यावर येते.

आजच्या काळातली एक नवी गोष्ट सांगितली पाहिजे. २०२५ साली देशानं पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या उसाचाही त्यात वाटा आहे, त्यामुळं तक्रार कोणत्या तोंडानं करावी? पण जुन्या गाडीला ते सोसायला मदत लागते. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्यानं त्याला हवा कमी पुरते. किलोला नऊ किलोच. म्हणजे पूर्वीचे जेट तेच ठेवले तर मिश्रण पातळ पडतं. ते पाणी ओढून घेतं, जुनं रबर फुगवतं आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सैल करून जेटपर्यंत आणतं. उपाय तीन. रबरी नळ्या आणि पॅकिंग इथेनॉल सोसणारी घ्या. टाकीनंतर एक पारदर्शक फिल्टर बसवा आणि तो वरचेवर पाहा. गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आणा. थोडा मोठा मेन जेट घालायचा की नाही, हे प्लगचे रंग पाहून जाणकारालाच ठरवू द्या.

आणि कुठं थांबायचं तेही कळलं पाहिजे. हवेची झडप ज्या दांड्यावर फिरते तो दांडा वर्षानुवर्षं झिजतो. हातानं हलवून तो डुगडुगत असेल, तर कितीही ट्यूनिंग केलंत तरी गाडी स्लोला टिकणार नाही. हे लेथवाल्याचं काम आहे. नवं बुश बसवून घ्यावं लागतं. कार्ब्युरेटरची वरची आणि खालची बाजू वाकडी झाली असेल तर तेही त्याच्याकडंच.

चाचा आता नाहीत. पण त्यांचे तीन प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. वही साधीच आहे : तारीख, लक्षण, काय तपासलं, किती वेढे फिरवले आणि पुढं काय झालं. तुम्हीही अशी वही घाला. घरातल्या मुलामुलींपैकी एखाद्याला शेजारी उभं करून त्याच्याकडूनच ती लिहून घ्या. गाडी पुढं त्यांनाच सांभाळायची आहे, आणि तेव्हा विचारायला कुणी चाचा असेलच असं नाही.